जुनी चिनी सोन्याची हेअरपिन, फुलाची. घेऊ का?

निळीशाई: मंडळी, सध्या सिंगापूरला असते. इथे एका जुन्या वस्तूंच्या दुकानात अंबाड्यात खोचायची चिनी पिन बघितली, वर पिओनीचं फूल आणि बाजूला बारीक तारांवर दोन फुलपाखरं, नुसता हात लागला तरी थरथरतात. दुकानदार म्हणतो छिंग काळातलं सोनं. आजीचं सुवर्णफूल आठवलं आणि मी तिथेच पाघळले. काय बघून घ्यायचं?

तारकाम: आधी उलटी करून बघा. छिंग म्हणजे चीनचं राजघराणं, 1644 ते 1911, आणि त्यातल्या बाजारात येणाऱ्या बऱ्याचशा पिना चांदीच्या असतात, वर सोन्याचा मुलामा, त्यात वाईट काही नाही फक्त भाव सोन्याचा देऊ नका. पाकळ्यांच्या कडा आणि दांडा केसांत घासून घासून तिथला मुलामा उडतो, खालची पांढरी चांदी दिसते. सगळीकडे सारखीच पिवळीधम्मक असेल तर मला उलट जास्त शंका येईल. मागे चिनी अक्षरांचा ठसा असेल तर वाचून घ्या, पण ठसा काय, कोणीही मारतो. आणि सराफाला कसोटीवर घासू देऊ नका प्लीज!! कॅरेट मोजायचं मशीन चालेल, पण ते वरचाच थर वाचतं म्हणून दांड्याच्या झिजलेल्या टोकाला लावायला सांगा.

खोपा_वेणी: निळं काही आहे का त्यात? असेल तर तो मीना नसून खंड्या पक्ष्याची पिसं चिकटवलेली असू शकतात. पाणी अजिबात लावू नका.

बाबूराव_ऑनलाइन: दुकानदार मागत असेल तेवढ्या पैशात इथे तोळाभर सोनं येईल की 😀

खोपा_वेणी: बाबूराव, आलात का!

पायपीट: सिंगापूरलाच आहात तर आधी पेरानाकान म्युझियम बघा (पेरानाकान म्हणजे इकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी लोकांचे वंशज), त्यांच्या बायकांच्या, म्हणजे न्योन्यांच्या, अंबाड्यातल्या पिना तिथे आहेत, नजर तयार होते. बीजिंगला गेलात तर तिथून मात्र घेऊ नका, 1911 आधीची वस्तू चीनबाहेर नेता येत नाही. तिथे डिंगलिंग बघा, छिंगच्या आधीच्या मिंग घराण्यातल्या वानली सम्राटाची कबर, 1956 ते 58 मध्ये उघडली, राण्यांच्या सोन्याच्या पिना, माणकं नीलम जडवलेल्या. मी तासभर हललो नाही, बायको बाहेर जाऊन बसली.

निळीशाई: आज परत गेले. टोकाला पांढरं आहे! दुकानदार आता म्हणतो "गोल्ड वॉश", म्हणजे नुसता पातळ मुलामा, भावही खाली आलाय. तरी जीव अडकलाय.

तारकाम: मग चांदीच्या भावाने बोला. आणि फुलपाखरांच्या तारा मुळापाशी नीट बघा, नवीन डाग देऊन जोडल्या असतील तर अजून कमी करायला सांगा.