शब्दचर्चा: थायरॉइडमध्ये ‘स्थलांतर’ की ‘प्रसार’?

नौपाडा_अनुवाद: मामांच्या बायोप्सीच्या अहवालाचे मामींसाठी मराठी करताना मी ‘फुप्फुसाच्या कर्करोगाचे थायरॉइडमध्ये स्थलांतर’ असे लिहिले. मामींनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “म्हणजे छातीतला गेला ना?” माझ्या एका शब्दाने त्यांना खोटी आशा लावली, हे मनाला फार लागले. मेटास्टॅसिसला, म्हणजे कर्करोग मूळ अवयवातून दुसऱ्या अवयवात पोहोचण्याला, नेमका शब्द कोणता?

वाशीकर: शब्द चुकलेला नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही स्थान बदलणे असाच आहे.

घोडबंदर_लॅब: व्युत्पत्ती मान्य, पण माझे आजोबा नोकरीसाठी ठाण्यात आले तेव्हा गावच्या घराला कुलूप लागले, मराठी माणसाला स्थलांतर म्हणजे हेच वाटते. येथे मूळ गाठ जागेवरच असते, म्हणून ‘प्रसार’ बरा. मात्र ‘थायरॉइडचा कर्करोग’ असे कृपया कोणी लिहू नये, कारण गळ्यातल्या त्या पेशी फुप्फुसाच्याच असतात. टीटीएफ-१ हे प्रथिन फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमात (कर्करोगाच्या एका प्रकारात) आणि थायरॉइडच्या गाठीत, दोन्हीकडे बहुधा सापडते, त्यामुळे थायरॉइडच्या पेशी तयार करतात ते थायरोग्लोब्युलिन हे प्रथिनही आम्ही तपासतो. फुप्फुसाच्या पेशी ते तयार करत नाहीत. त्या आयोडीनही शोषून घेत नाहीत, म्हणून थायरॉइडच्या कर्करोगावर देतात त्या किरणोत्सारी आयोडीनचा तेथे उपयोग नसतो. ‘चा’ आणि ‘मधला’ यांत चूक झाली, तर घरच्यांचा उपचारांबद्दलचा समजच बदलतो.

वाशीकर: मग ‘थायरॉइड’ तरी कशाला? मराठी विश्वकोशात ‘अवटु ग्रंथि’ आहे.

बेलापूर_संस्कृत: अमरकोशात ‘अवटुर्घाटा कृकाटिका’ असे आहे, म्हणजे मानेची मागची बाजू, ही ग्रंथी तर समोर, श्वासनलिकेवर असते. ग्रीक नाव ढालीवरून आले आहे. ‘अवटु’ वाचून संस्कृत जाणणारा हात मानेमागे नेईल.

वाशीकर: पारिभाषिक शब्दाला अर्थ रूढीने मिळतो. ‘आकाशवाणी’ ऐकून आज कोणी देवाचा आवाज शोधत नाही.

बेलापूर_संस्कृत: ‘आकाशवाणी’ घराघरांत रुळली. ‘अवटु’ मी ठाण्यातल्या एकाही दवाखान्यात ऐकलेला नाही.

नौपाडा_अनुवाद: काल मामींना नवा कागद दिला: ‘मूळ रोग फुप्फुसात आहेच, त्याच्याच पेशी गळ्यातल्या थायरॉइडपर्यंत पोहोचल्या आहेत.’ त्यांनी पहिल्या कागदावर काट मारली आणि नवा फाइलीत सर्वांत वर लावला.

वाशीकर: ते समजावणे झाले, संज्ञा नव्हे. ‘प्रसार’ तर साथीच्या रोगाचाही होतो. तो फरक कसा दाखवणार?