रविवारी क्लबहाउसमध्ये वन-शॉट घ्यायचाय, चार तासांत बसवू कसा?

नेरूळचा_डीएम:
मंडळी, मदत हवीये. येत्या रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ऑफिसच्या ग्रुपसाठी डीएनडीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कॅरेक्टर घेऊन गोष्ट खेळायचा फाशांचा गेम) वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारी गोष्ट, घेतोय, पाच जण आहेत, त्यातल्या तिघांनी वीस बाजूंचा फासा कधी हातात धरलेला नाही आणि एक जण फक्त बायको येतेय म्हणून येतोय. वेळ चार ते आठ, आठच्या ठोक्याला वॉचमन लाइट बंद करतो, आपला ड्रॅगन मेलाय की जिवंत आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. स्टोरी तयार आहे, गाव आहे, जंगल आहे, गुहा आहे, व्हिलन आहे. कॅरेक्टर्सची लेव्हल (ताकद) किती ठेवू? आणि लोकांनी सोमवारी लंचला पण त्यावरच बोलावं असं काय करता येईल?

घोडबंदर_गोब्लिन:
गाव आणि जंगल काढून टाक. सिरियसली. नवीन लोकं गावात शिरली की खानावळवाल्याशी गप्पा मारत बसतात, कोणीतरी घोडा विकत घ्यायला निघतं, आणि साडेसहा वाजतात तरी गुहा लांबच. डायरेक्ट गुहेच्या तोंडाशी सुरू कर, वरून दगड कोसळतायत, पहिल्याच मिनिटाला "तू काय करतोस?" विचार. का आलात, कोणी पाठवलं ते आत चालता चालता सांगता येतं.

कॅरेक्टर्स तूच बनवून ने, तिथे बनवायला बसलात तर पहिला तास गेलाच. तयार शीट (कॅरेक्टरची माहिती लिहिलेला कागद) नेटवर फुकट मिळतात. लेव्हल 3 ठेव. 1 ला एक क्रिटिकल (जबर फटका) बसला की माणूस आडवा, आणि 5 ला नवख्याला शीट वाचतानाच घाम फुटतो. पण प्रत्येक शीटच्या मागे हाताने दोन ओळी लिही, टेबलावरच्या कोणाचं तू देणं लागतोस आणि कोणापासून काय लपवतोयस. रूलबुकात असं काही सक्तीचं नाहीये, पण सोमवारी लंचला बोलणं होईल ते यावरच, गुहेतल्या गोब्लिनचे (छोट्या राक्षसाचे) हिट पॉइंट, म्हणजे जीव, किती होते ते कोणाला आठवणारे.

अशा पाच जणांची एक फाइट आरामात तास खाते, म्हणून फाइट दोनच, जास्त नको. मधल्या खोल्या अशा ठेव की गाळल्या तरी कोणाला पत्ता लागणार नाही, आणि सात वाजले की पोरं कुठेही असोत, व्हिलन समोर आण.

ऐरोलीची_अवली:
माझं मत वेगळं आहे. तीन जण नवीन आणि एक नाइलाजाने आलेला, यांना डीएनडी कशाला? अर्धा वेळ "यात कुठला फासा टाकू" यातच जाणार. हनी हाइस्ट बघ, एका पानाचा गेम आहे, सगळे अस्वलं असतात आणि मध चोरायचा असतो, स्टॅट (कॅरेक्टरचे गुण) दोनच, अस्वल आणि गुन्हेगार. किंवा लेझर्स अँड फीलिंग्स, 2013 चा आहे, तो पण एकच पान, अख्ख्या कॅरेक्टरला एकच नंबर. हॉरर चालणार असेल तर ड्रेड, त्यात फासेच नाहीत, जेंगाचा (लाकडी ठोकळ्यांचा) टॉवर असतो, अवघड काही करायचं तर एक ठोकळा ओढायचा, टॉवर पडला की पाडणाऱ्याचं कॅरेक्टर गेलं. लोकं श्वास रोखून बसतात अक्षरशः. फक्त क्लबहाउसचं टेबल डुगडुगतं का ते शनिवारीच बघून ये 😄

आणि तो नवरा, त्याला "तुझं कॅरेक्टर काय बोलतं" असं विचारू नकोस, लाजेल बिचारा. "तू दार फोडतोस की खिडकीतून जातोस" असं विचार, दोनातलं एक निवडणं सगळ्यांना जमतं.

चेंदणीकर:
सगळं बरोबर आहे पण गोब्लिनच का हो? आपल्याकडे आयता वन-शॉट पडलाय. 16 एप्रिल 1853, दुपारी 3:35, बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली, 14 डबे, 400 पाहुणे, तीन इंजिनं, 34 किलोमीटर. मधेच गाडीत काहीतरी चोरीला गेलंय आणि ठाण्याला उतरले की पाहुणे पांगणार. जागा बंद आहे, पळायला वाट नाही, आणि शेवट कधी होणार हे सगळ्यांना आधीपासून माहितीये. खेळणाऱ्यांना साहेब करू नका, एक इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन, एक शेटजींचा मुनीम, एक छापखान्यातला माणूस असे द्या. नाना शंकरशेठांना पाहुणा एनपीसी (खेळ चालवणाऱ्याच्या हातातलं पात्र) म्हणून ठेवा, सगळे आपोआप सरळ बसतील.

नेरूळचा_डीएम:
चेंदणीकर, हे भारीये! गुहा कॅन्सल. पण काका, चोरीचा छडाच लागला नाही तर? एक क्लू हुकला की पोरं अडकतात ना.

चेंदणीकर:
प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला तीन क्लू ठेवा, तीनही वेगवेगळ्या डब्यांत. एक हुकेल, एकाचा भलताच अर्थ लावतील, तिसरा लागेल. आणि जो क्लू मिळालाच पाहिजे त्यावर रोल (फासा टाकणं) मागू नका, देऊन टाका. रोल घ्यायचाच असेल तर, लागला तर क्लू लवकर, नाही लागला तरी मिळतो, पण घेताना कोणीतरी बघितलं.

घोडबंदर_गोब्लिन:
+1. आणि टेबलावर खरं घड्याळ ठेव, खेळातल्या एकेका स्टेशनाला खरा अर्धा तास दे. सायन म्हटलं की पोरं स्वतःच घाई करतील, तुला हाकावं लागणार नाही. फक्त ब्रेक साडेपाचला घे, त्याआधी वडापाव आणू नकोस, तेलकट हातांनी शीटची वाट लागते.