मदत हवी आहे: श्रोता-स्पर्धेच्या निकालानंतर नियमांवरून उभा राहिलेला पेच

नमस्कार. मी खानदेशातील एका सार्वजनिक नभोवाणी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषिका आहे. आखाजीनिमित्त (अक्षय्य तृतीयेनिमित्त) आम्ही झोक्यावरच्या अहिराणी गाण्यांवर स्पर्धा घेतली. चार भागांत चार गाणी ऐकवली आणि प्रत्येकातील एका जुन्या शब्दाचा अर्थ श्रोत्यांनी पोस्टकार्डावर लिहून पाठवायचा होता. नियमावली मीच लिहिली, अवघ्या सात ओळींची, आणि त्यातल्या तीन ओळी आता गळ्याशी आल्या आहेत.

'उत्तरे १५ मेपर्यंत पाठवावीत' असे मी लिहिले. त्या तारखेला ती टाकायची की पोहोचायची, हे लिहिले नाही. बरोबर उत्तरांतून विजेत्यांची चिठ्ठी काढून झाल्यावर सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची अकरा कार्डे आली. सातांवर १३ किंवा १४ तारखेचा टपालशिक्का स्वच्छ आहे. उरलेल्या चारांवर मात्र भिंगाखालीसुद्धा काळा डागच दिसतो.

दुसरे, पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी अमळनेर तालुक्यातील एका बाईंची निघाली, नाव प्रसारितही झाले आणि दुसऱ्या दिवशी कळले की त्या आमच्या नैमित्तिक ढोलकीवादकाच्या सख्ख्या वहिनी आहेत, चूल मात्र वेगळी. 'कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांना भाग घेता येणार नाही' या ओळीत त्या बसतात का?

तिसरे, बक्षिसाचे शिलाई मशीन एका दुकानदाराने दिले असून त्याची किंमत १२,००० रुपये आहे. आता दर भागात दुकानाचे नाव घ्यावे, असा त्यांचा आग्रह आहे. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, मी अशा स्पर्धांच्या नियमावल्या बरीच वर्षे तपासल्या आहेत. आधी वहिनींचे पाहू. नियम संदिग्ध असेल तर त्याचा फायदा श्रोत्याला द्यावा, कारण तो लिहिणारे आपण असतो. फक्त दोन गोष्टी तपासा: ढोलकीवादकांना उत्तरे आधी ठाऊक होती का, आणि चिठ्ठी काढताना ते तिथे होते का. यापैकी एकही 'हो' असेल तर निवड रद्द करावी आणि कारण त्याच कार्यक्रमात सांगावे. लपवाछपवी करू नये. नोव्हेंबर २००६ मध्ये बीबीसीच्या मुलांच्या एका कार्यक्रमात दूरध्वनी यंत्रणा बिघडली, तेव्हा स्टुडिओ पाहायला आलेल्या एका मुलीलाच फोनवरची विजेती म्हणून बोलते केले गेले. ऑफकॉम या नियामक संस्थेने जुलै २००७ मध्ये त्याबद्दल ५०,००० पौंडांचा दंड केला. यंत्र बिघडणे कोणीही समजून घेतले असते.

अकराही कार्डे ग्राह्य धरा, कारण डाग आपल्या टपालखात्याचा आहे, पाठवणारीचा नव्हे. त्यातल्या बरोबर उत्तरांची वेगळी चिठ्ठी काढून एक जादा बक्षीस द्या. अकरा जणींना संधी जास्त मिळते हे खरे, पण जाहीर झालेला निकाल मोडण्यापेक्षा ते बरे. यापुढे 'अमुक तारखेला सायंकाळी ५ वाजेपर्यंत केंद्रावर पोहोचलेली' एवढे शब्द घाला, आणि सातपुड्यातल्या गावांसाठी मुदतच आठवडाभर जास्त ठेवा.

मशीनबाबत खरी अडचण कराची आहे. आयकर कायद्यानुसार अशा स्पर्धेतील बक्षीस १०,००० रुपयांवर गेले की देणाऱ्याने त्यावर ३० टक्के कर आधीच कापायचा असतो आणि बक्षीस वस्तुरूपात असेल तर कर भरल्याखेरीज ते हाती देता येत नाही. म्हणजे बाईंना मशीन उचलण्याआधी ३,६०० रुपये काढावे लागतील. तो भार दुकानदाराने उचलावा असे आधीच ठरवायला हवे होते. त्यांचे नाव आभारापुरते एकदा घ्या; दर भागात घेतले की ती जाहिरात झाली, आणि जाहिरातीचे दर वेगळे असतात.

धागाकर्तीचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. आज फाईल काढली तर चारपैकी दोन गाण्यांवर त्यांचीच ढोलकी आहे. मात्र शब्दार्थांचा कागद माझ्या कपाटात कुलुपात होता, आणि चिठ्ठी काढली त्या दिवशी ते कार्यक्रमासाठी नंदुरबारला गेले होते. ही तिन्ही वाक्ये टिपणात जशीच्या तशी लिहून उद्या वरिष्ठांपुढे ठेवते. दुकानदारांशी कराबद्दल बोलायचे कामही अर्थातच माझ्याकडेच आले आहे.