गल्लीतली हवा लोकांनीच मोजावी का?

पहाटवारा: माझं मत ठाम 'हो'. सरकारी केंद्र अचूक असतं, पण ते एकाच जागी उभं. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू वाहत्या रस्त्यापासून १००-२०० मीटरवर बराच उतरतो. मग कुठल्या तरी लांबच्या केंद्राचा आकडा चौकातल्या शाळेच्या काय कामाचा? बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये मे २०१८मध्ये सुमारे २०,००० जणांनी घराबाहेर नळ्या टांगून हा वायू मोजला. दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या अरुंद रस्त्यांत तो कसा कोंडतो, ते घराघरांगणिक दिसलं.

सूक्ष्मदर्शी: गल्लत होतेय. त्या नळ्या नंतर प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या. आपले स्वयंसेवक लावतात तो वायूचा नाही, हवेतल्या बारीक धूलिकणांचा, लेझरचा स्वस्त सेन्सर. तो कण मोजत नाही, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. हवा दमट झाली की कण पाणी धरून फुगतात, आकडा चढतो आणि ग्रुपवर 'आज विष' असा मेसेज फिरतो. गंमत म्हणजे बांधकामाची जाडी धूळ, जिच्याबद्दल सगळे ओरडतात, तीच यात धड पकडली जात नाही!

पहाटवारा: दमटपणाची दुरुस्ती करता येते हो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्यासाठी सूत्र बसवलं. २०२०पासून वणव्याच्या धुराच्या त्यांच्या नकाशावर लोकांच्या घरचे सेन्सरही दिसतात. जाड्या धुळीचं मात्र मान्य.

सूक्ष्मदर्शी: ते सूत्र तिथल्या हवेवर, एका ठरावीक यंत्रासाठी बसवलेलं. आपला सेन्सर आधी अचूक सरकारी केंद्राशेजारी काही आठवडे ठेवा, फरक बघा, मग बोला. आणि कृपा करून एका मिनिटाच्या आकड्याची तुलना जागतिक आरोग्य संघटनेने बारीक कणांसाठी (पीएम २.५) सुचवलेल्या घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमशी करू नका. २०२१ची ती पातळी २४ तासांच्या सरासरीची आहे.

उंबरठा: तुम्ही दोघं यंत्रावरच भांडताय. मी वर्षभर अशा गटात होते. सेन्सर कुठे लागले? ज्यांच्याकडे वायफाय, गॅलरी आणि रविवारी मोकळा वेळ, तिथे. कचरा जळतो त्या टोकाला एकही नाही. नकाशावर तो भाग कोरा, आणि कोरं म्हणजे स्वच्छ असंच लोक वाचतात. वर, निम्मे सेन्सर काही महिन्यांत गप्प झाले. पंख्यात कोळिष्टकं, पासवर्ड बदललेला, मालक घर सोडून गेलेला.

पहाटवारा: हे लागलं. पण म्हणून मोजणंच सोडायचं?

उंबरठा: मी सोडा कुठे म्हटलं? चार गॅलरीतले दोन उतरवा नि त्या टोकाला लावा. आणि शेजारी वही ठेवा: किती वाजता काय जळलं, वारा कुठून होता, वास कसला. आकड्यावर वाद घालणारा अधिकारी त्या वेळी येऊन बघू तरी शकतो.

सूक्ष्मदर्शी: वहीला माझा पाठिंबा. फक्त आकडा कच्चा आहे हे वर लिहा.

उंबरठा: लिहू. आता सांगा, तिकडे सेन्सरला चोवीस तास वीज कोणाच्या मीटरवरून घ्यायची?