मराठी मजकुराचं काय?

इंकस्केप हे डिझाइनचं मोफत सॉफ्टवेअर; 'ते घरगुती लोगोपुरतं ठीक, छापायचं तर कोरेलच (तशाच कामाचं विकतचं सॉफ्टवेअर)' असं वर एकाने म्हटलंय, ते रंगांपुरतं मान्य. इंकस्केपचं काम आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत. पुतण्याच्या मुंजीची पत्रिका त्यात केली, तर स्क्रीनवरचा कुंकवासारखा लाल छापून विटकरी आला. आता शेवटचा हात स्क्राइबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरवतो, तिथून सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली पीडीएफ निघते.

पण मराठी अक्षरांबद्दल कुणीच बोललं नाही. इंकस्केपमध्ये युनिकोड (मोबाइल-वेबवर सगळीकडे चालतो तो) मजकूर चिकटवला की जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी जागच्या जागी. वेगळं काही करावं लागत नाही. आमच्या ऑफिसातल्या इलस्ट्रेटरमध्ये (अडोबीचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) प्रेफरन्सेसमधून इंडिक ऑप्शन्स चालू करून परिच्छेदाला साउथ एशियन कंपोझर (भारतीय अक्षरं नीट जुळवणारी सोय) लावावा लागला. तोवर 'निमंत्रण'मधली वेलांटी 'न' सोडून 'म'ला चिकटलेली! आणि अप्पा बळवंत चौकाजवळच्या ज्या प्रेसमध्ये पत्रिका दिली, तिथे कोरेल आणि जुना बिगर-युनिकोड फाँट. त्या फाँटात युनिकोड मजकूर चालत नाही, म्हणून त्यांनी सगळं पुन्हा टाइप केलं आणि 'चिरंजीव'चा 'चिंरजीव' झाला. प्रूफ बघताना वहिनीच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. तेव्हापासून अक्षरांचे पाथ करूनच, म्हणजे मजकुराचं रेषांच्या चित्रात रूपांतर करूनच फाइल देतो. मूळ फाइल मात्र वेगळी ठेवा, पाथ केल्यावर मुहूर्ताची वेळसुद्धा बदलता येत नाही.