‘ट्रिप’ की ‘लॉकआउट’: बॉयलरच्या नोंदवहीत काय लिहावे?

प्रश्न, वेर्ण्याहून:
बॉयलर रूममध्ये मराठी फलक लावायचा आहे, त्यासाठी शब्द हवेत. आमच्या नोंदवहीत सगळ्याला एकच शब्द, ‘ट्रिप’. दाब भरला म्हणून बर्नर थांबला तरी ट्रिप, पाणी उतरले तरी ट्रिप, लाल दिवा लावून रीसेटची वाट बघत बसला तरी ट्रिप. ‘लॉकआउट’ला शब्दकोशात ‘टाळेबंदी’ मिळते. चालेल का? आणि बॉयलरला ‘बाष्पक’ लिहावे का?

उत्तर, कुंडईहून:
टाळेबंदी नको हो, बाब. ‘दुपारी २ वाजता टाळेबंदी’ असे वाचून मेकॅनिकच्या आधी युनियनवाले धावत येतील. शिवाय २०२० पासून त्या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप आणि टॅग लावतात, तेही लॉकआउटच, पण त्याला आपल्याकडे ‘लोटो’ म्हणतात म्हणून निदान घोळ होत नाही. ‘बाष्पक’ महाराष्ट्रात सरकारी आहे, तिथे बाष्पके संचालनालयच आहे. बॉयलर रूममध्ये मात्र तो शब्द मी कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

उत्तर, फोंड्याहून:
मराठी शब्द शोधण्याआधी तिन्ही गोष्टी वेगळ्या करा.

दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की प्रेशर स्विच बर्नर थांबवतो, दाब उतरला की परत पेटवतो. हा दोष नव्हेच, रोजचे काम आहे. नोंदवहीत ‘कट-ऑफ’ लिहा, किंवा काहीच लिहू नका.

‘ट्रिप’ म्हणजे कुठल्यातरी संरक्षणाने बर्नर पाडला. ‘लॉकआउट’ म्हणजे पाडल्यावर माणसाने येऊन रीसेट दाबल्याशिवाय तो पुन्हा पेटणार नाही. हाय प्रेशर लिमिट, पाण्याची अगदी खालची पातळी, ज्योत न मिळणे ही लॉकआउटची नेहमीची कारणे. माझे मत असे की हे दोन्ही शब्द आहेत तसे ठेवावेत आणि पुढे कारण लिहायची सक्ती करावी. आमचे ऑपरेटर कोकणीत ‘उजो ना’ (आग नाही), ‘उदक ना’ (पाणी नाही) एवढेच लिहितात. मला ते ‘बर्नर ट्रिप झाला’पेक्षा शंभर पटींनी आवडते, कारण कुठे हात घालायचा ते कळते.

‘उजो ना’ असेल तर नोझल, तेलाचा दाब, इग्निशनची ठिणगी आणि ज्योतीचा उजेड ओळखणाऱ्या फोटोसेलची काच बघायची. पण एक उलटा प्रकारही आहे. पेटवण्याआधी पंखा भट्टी झाडतो, म्हणजे पर्ज चालू असतो, तेव्हा ज्योत असायलाच नको. नेमका तेव्हा सेलला उजेड दिसला तरी कंट्रोलर लॉकआउटला जाऊ शकतो. अशा वेळी नोझल साफ करत बसू नये. सेल किंवा वायरिंग बिघडलेले असते, नाहीतर तेल बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह गळून आत खरेच काही जळत असते. म्हणून ‘ज्योत नाही’ आणि ‘खोटी ज्योत’ अशा दोन नोंदी ठेवा.

‘उदक ना’चे तसेच. मोब्रेच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या स्विचच्या, फ्लोटखाली गाळ बसला असेल किंवा फीड पंप खरेच पाणी देत नसेल. आधी गेज ग्लास, म्हणजे पातळी दाखवणारी काच, बघा. काचेत पाणीच दिसत नसेल तर आग बंद ठेवायची, पंप हाताने सुरू करायचा नाही. तापून कोरड्या पडलेल्या नळ्यांवर गार पाणी सोडणे हा जिवाशी खेळ आहे. बॉयलर निवू द्यावा.

उत्तर, मडकईहून:
‘रीसेट मारला’ या नोंदीवर बंदी घाला. ती वाचून वाटते की दुरुस्ती झाली. न पेटलेल्या बर्नरला पुन्हापुन्हा रीसेट दिला की दर खेपेला थोडे तेल आत जाते, आणि पेटते तेव्हा सगळे एकदम पेटते. त्याला इथे ‘बॅकफायर’ म्हणतात, भट्टीचा दरवाजा उडवण्याइतपत मोठा शब्द आहे तो.

दुसरा शब्द ‘डायरेक्ट’. ‘लेव्हल स्विच डायरेक्ट केला’ म्हणजे वायरचा तुकडा टाकून संरक्षण उडवले. सगळे लिमिट एका ओळीत जोडलेले असतात, एक उघडला की बर्नरचा पुरवठा तुटतो. मल्टिमीटर घेऊन एकेका टर्मिनलवर व्होल्टेज बघत गेले की जिथे ते थांबते तो स्विच सापडतो. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये ओल धरते, तेही असेच सापडते. तुकडा टाकायची गरजच काय? बरे, ‘डायरेक्ट’ शब्द ऐकायला किती सरळ वाटतो बघा.

वेर्ण्याहून:
ठरले. फलकावर ‘लॉकआउट झाल्यास कारण लिहिल्याशिवाय रीसेट करू नये’ आणि खाली कोकणीत ‘उजो / उदक / दाब’ असे तीन रकाने. ‘डायरेक्ट’ला मराठी शब्द देणार नाही, तिथे फक्त ‘मनाई’ लिहितो. ‘पर्ज’ तसाच ठेवू ना?

फोंड्याहून:
ठेवा. ‘भट्टी झाडणे’ लिहिले तर कोणीतरी खराटा घेऊन जाईल.