पूर्ण वेळ ब्लॉग लिहिणाऱ्यांनो, तुमचा दिवस कसा जातो?

पुणे, गच्चीवरची बाग

ब्लॉगवर घर चालवणारे बरेच जण इथे आहेत, पण या कामाचा दिवस प्रत्यक्षात कसा असतो हे कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही. जे सापडतं ते 'घरबसल्या कमवा' छापाचं, आणि ते लिहिणाऱ्यांनी बहुधा एक हंगामही काढलेला नसतो. म्हणून हा धागा. किती मिळतं ते सांगायलाच हवं असं नाही. मला जाणून घ्यायचंय ते असं: दिवसात प्रत्यक्ष लिहिणं कुठे बसतं? उरलेला वेळ कशात जातो? जुन्या लेखांचं काय करता?

माझ्यापासून सुरुवात करते. सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर जाते. फोटो तेव्हाच चांगले येतात आणि पानं उलटून मावा (पानांखालची बारीक कीड) बघायलाही तेव्हाच निवांतपणा असतो. नाश्ता झाला की दुपारपर्यंत लेखन, तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत. जेवणानंतर वाचकांना उत्तरं. मे संपत आला की पहिल्या पावसापर्यंत सगळे प्रश्न मातीचे: कोकोपीट किती, शेणखत किती, कुंडीला भोकं किती. दर वर्षी तेच विचारतात म्हणून वैतागणारे लेखक मी पाहिलेत. मला वैताग येत नाही. प्रश्न जुना असला तरी विचारणारा नवा असतो आणि त्याचं ते पहिलंच रोप असतं.

जुन्या लेखांना मी नव्याइतकाच वेळ देते. फवारणीचं प्रमाण चार वर्षांपूर्वीच्या लेखातून बघूनही कुणीतरी आज फवारणार असतं. आता तुम्ही लिहा.

सांगली, पाककृती

ताई, बरं झालं विषय काढलात. माझं काम पंचांगाच्या दीड-दोन महिने पुढे चालतं. बाहेर आषाढ असतो तेव्हा माझ्या ओट्यावर उकडीचे मोदक असतात, आणि लोकांचा गणपती यायच्या आधी माझी चकलीची भाजणी भाजून झालेली असते. सणाच्या आठवड्यात टाकलेला लेख शोधात वर येईपर्यंत सण होऊन जातो, त्यामुळे याला इलाज नाही. सासूबाईंना हे आधी पटत नव्हतं. आता पहिला घाणा त्याच चाखतात आणि मोहन (पिठात घालायचं गरम तेल) कमी पडलं की तोंडावर सांगतात.

एकच पदार्थ दोन-तीनदा केल्याशिवाय मी लिहीत नाही. एकदा आमच्या पद्धतीने अंदाजपंचे. एकदा वाटी आणि ग्रॅम दोन्ही मोजून, कारण माझी वाटी आणि परदेशातल्या वाचकाची वाटी सारखी नसते. एकदा बाजारची पिठी आणून. पिठी बदलली की उकड बदलते. ताज्या आंबेमोहोराच्या पिठीला जेवढ्यास तेवढं पाणी पुरतं, जुन्या तांदळाची पिठी जास्त मागते. ही एक ओळ लिहिता यावी म्हणून अख्खी दुपार जाते, आणि ती गेलीच पाहिजे असं मला वाटतं.

हरतालिकेच्या संध्याकाळी मी काही लिहीत नाही, फक्त फोन घेऊन बसते. 'उकड चिकट झाली', 'पारी फाटते', 'कळ्या पडत नाहीत'. समोरच्या बाईच्या परातीत गरम उकड असते, तिला उत्तर आत्ता हवं असतं. दिवाळीत 'चकली तेलात विरघळते' हा प्रश्न. तिथे मोहन जास्त झालेलं असतं. थोडी कोरडी भाजणी मिसळून पुन्हा मळून घ्या म्हटलं की बहुतेक वेळा निभावतं. या उत्तरांचे पैसे मिळत नाहीत. पण पुढच्या वर्षी तीच बाई माझं नाव टाकून शोधते, आणि माझं घर अशा बायकांवर चालतं.

परभणी, नोकरभरतीच्या जाहिराती

माझा दिवस संध्याकाळी सुरू होतो. विभागांच्या संकेतस्थळांवर जाहिराती बऱ्याचदा कार्यालय सुटताना येतात, शुद्धिपत्रक तर कधीही. रात्री बारापर्यंत तीच तपासणी, सकाळी पुन्हा एक फेरी. मूळ पीडीएफ पूर्ण वाचल्याशिवाय मी एक ओळ टाकत नाही. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा सगळ्यांना पाठ असते, पण पोलीस शिपायाला ती २८ आणि ३३ आहे. माजी सैनिक, दिव्यांग, प्रकल्पग्रस्त यांच्या सवलती आतल्या पानांवर असतात. शिवाय वय कोणत्या तारखेला मोजायचं, ही ओळ बघितल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या, अर्ज दहा लाखांच्या वर गेले, आणि खुल्या प्रवर्गाची फी १,००० रुपये होती. मजुरी करणाऱ्याच्या घरात हजार रुपये किती मोठे असतात ते मी रोज बघतो. मुलगा पात्र नसताना त्याने माझं वाचून फी भरली, किंवा पात्र असताना शेवटची तारीख हुकली, तर ते त्याचं वर्ष आहे. त्यामुळे पहिला येण्याच्या शर्यतीत मी नाही. इतर लोक मथळा टाकून मोकळे होतात, माझा लेख तासाभराने येतो, आणि त्यात तारखा मूळ जाहिरातीशी जुळवलेल्या असतात.

दुपारी झोपतो. शेजाऱ्यांना वाटतं मी बेकार आहे. आईने त्यांना समजावणं सोडून दिलंय. लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टर, तो संपला की मोबाइलवर.

नाशिक, गड-किल्ले

परभणीच्या दादांचं वाचून लिहावंसं वाटलं.

शनिवार-रविवार डोंगरात गर्दी असते, म्हणून मी मंगळवार-बुधवार जातो आणि बाकीचे दिवस लिहितो. वाटेवर बोलून नोंदी करतो, पावसात कागद टिकत नाही. घरी येऊन त्या ऐकायच्या, नकाशाशी ताडून बघायच्या, मग लेख. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यांतले अकरा आपल्या राज्यातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या आठवड्यापासून साल्हेरची विचारणा एकदम वाढली. १,५६७ मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला तो. आधी तिथे सवयीचे ट्रेकर जायचे, आता लहान मुलं घेऊन कुटुंबं विचारतात. म्हणून लेख जवळजवळ नव्याने लिहिला. सावली कुठे आहे, पाणी कुठे भरायचं, कुठून मागे फिरलं तरी चालेल, हे ट्रेकरला सांगावं लागत नाही, पण या वाचकाला सांगावंच लागतं.

पण धाग्यात जुन्या लेखांचं विचारलंय, त्याबद्दल सांगतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी इर्शाळगडाच्या उतारावर, गडाची वाट वाडीतूनच वर जायची. माझ्या लेखात ती होती: वाडीत पाणी भरून घ्या, जेवणाचं आधी सांगून ठेवा, वाट विचारून घ्या. एका घराच्या ओसरीचा फोटोही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लेखावर लोकांची रीघ लागली, कारण गुगलवर नाव टाकलं की तो वर येत होता. पहिलं काम केलं ते त्या पानावरच्या जाहिराती बंद करण्याचं. त्या गर्दीचे पैसे मला नको होते.

मग लेख काढायचा की ठेवायचा? काही मित्र म्हणाले, काढ. मी ठेवला. ती वाडी कशी होती, तिथली ठाकर माणसं आल्यागेल्याचं कसं करायची, हे लिहिलेलं फार कुठे नव्हतं. सर्वांत वर तारीख घालून निवेदन दिलं: बचावकार्य चालू आहे, इकडे येऊ नका, रस्ता अडवू नका. खाली मजकुरातली क्रियापदं एकेक करून भूतकाळात केली. भरून घ्यायचे, विचारून घ्यायचे, बसायचे. तासाभराचं काम समजून बसलो होतो, उठेपर्यंत रात्र झाली. ओसरीचा फोटो काढून टाकला. तो तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय ठेवायचा मला हक्क वाटला नाही.

तेव्हापासून मे महिन्यात नवं लेखन जवळजवळ बंद असतं. पावसाळ्यात लोक ज्या वाटांनी जातात त्या सगळ्या लेखांतल्या पायथ्याच्या गावांत फोन करतो. कुठे दरड सैल आहे, कुठला ओढा उतरू देत नाही, वनखात्याने कुठे बंदी घातली आहे. उत्तर मिळालं नाही तर लेखाच्या वर 'या वर्षीची माहिती मिळालेली नाही' असं लिहितो. वाचक कमी होतात, होऊ देत.

ठाणे, बचत आणि कर

पैशांचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

नवीन लोकांना वाटतं ॲडसेन्स (ब्लॉगवर गुगलच्या जाहिराती दाखवून पैसे मिळण्याची सोय) लागलं की पगार सुरू. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळायला पोस्टाने पिन येतो. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि निघतात ते पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान. म्हणजे आज लिहिलेल्याचे पैसे हातात यायला महिना-दीड महिना धरून चाला. हिंदीला ही सोय २०१४ च्या अखेरीस मिळाली, मराठीला त्यानंतर काही वर्षं थांबावं लागलं. आपल्याकडे पूर्ण वेळ ब्लॉगर उशिरा दिसू लागले त्याचं हेही एक कारण आहे, लोक उगाच मराठी वाचकाला दोष देतात.

शुक्रवारची दुपार मी फक्त हिशेबाला ठेवतो. आगाऊ कराच्या तारखा (१५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च) भिंतीवर लावल्यात. परीक्षणासाठी कंपनी वस्तू पाठवते, तीही उत्पन्नात येते. एका कंपनीकडून वर्षभरात आलेल्या वस्तूंची किंमत २०,००० च्या वर गेली की १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. वस्तू परत केली तर तो लाभ धरत नाहीत. मी परत करतो. हातात ठेवलेल्या वस्तूबद्दल मोकळं लिहिणं कठीण जातं, हा माझा अनुभव.

२०२४ मध्ये शोधाच्या वर एआयचे सारांश दिसायला लागल्यावर 'पीपीएफचा व्याजदर किती' असल्या लेखांना कुणी येईनासं झालं. आता सकाळचे पहिले दोन तास मी वाचकांना मेलने जाणाऱ्या साप्ताहिक पत्राला देतो. त्यात एकेका घराचा प्रश्न घेतो: निवृत्त वडिलांनी एफडी कुठे विभागाव्यात, बहिणीच्या नावावर घर करताना काय बघावं. असं लिहायला वेळ लागतो, पण हे लोक वाचतात आणि उलट पत्र पाठवतात.

डिचोली, गोवा

मी गोव्यातल्या जत्रा, देवळं आणि कुळागरांवर (पोफळीच्या बागांवर) लिहिते. माझ्या लेखांतली माणसं बहुतेक सत्तरीच्या पुढची, दुपारी जेवून पडणारी, म्हणून फोन आणि भेटी चारनंतरच. सकाळ लेखनाची. लेख झाला की टाकण्याआधी ज्यांचं सांगणं त्यात आहे त्यांना वाचून दाखवते. लईराई देवीच्या धोंडांवर (तिचं व्रत करणाऱ्या भक्तांवर) लिहिलं तेव्हा एका आजोबांनी व्रताच्या दिवसांत काय पाळायचं त्याचा क्रम थांबवून थांबवून नीट करून घेतला. यामुळे महिन्यात माझे लेख अगदी थोडे होतात. उत्पन्न त्यानुसारच, पण मी या पद्धतीत बदल करणार नाही.

सॅन होजे

माझा विषय परदेशातलं मराठी घर. इथे उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. मुलं शाळेत गेली की लिहिते, संध्याकाळी सहा-सातला टाकते, म्हणजे तिकडे सकाळच्या चहाला मिळतो.

एच-४ व्हिसावर (अमेरिकेत नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो तो) असलेल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते: कामाचा परवाना हातात येईपर्यंत मी ब्लॉगवर एकही जाहिरात ठेवली नव्हती. कमाई सुरू करण्याआधी वकिलाला विचारा, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

सांगलीच्या ताई, तुमचं ग्रॅमचं माप आमच्या घरी दर गणपतीत वापरतो. मनापासून आभार.

कोल्हापूर, पूर्वी पूर्ण वेळ

मनगट आणि अंगठा दुखायला लागला, म्हणून मी पूर्ण वेळ सोडून शाळेत नोकरी धरली. जे करताय त्यांना एवढंच सांगेन की फोनवर लांब लेख टाइप करू नका. संगणकावरचा इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिका. पहिले काही आठवडे जीव नको होतो, मग दोन्ही हातांना सारखं काम मिळतं. बोलून लिहिण्याची सोयही आता मराठीत बरी झाली आहे, फक्त 'दऱ्या' आणि 'सुऱ्या' यांसारखे शब्द एकदा डोळ्यांखालून घाला.

पुणे, गच्चीवरची बाग

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, पुन्हा पुन्हा वाचतेय. नाशिककर, इर्शाळवाडीचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. एक विचारते, पायथ्याच्या गावांत फोन करता ते कसं जमवलंत? मलाही रोपवाटिकांशी असं काही बांधायचंय.

नाशिक, गड-किल्ले

ताई, सुरुवातीला मीच दर खेपेला त्यांच्याकडे जेवायचो, ओळख तिथून झाली. ज्यांच्याकडे जेवणाची, मुक्कामाची सोय आहे त्यांचा नंबर त्यांना विचारून लेखात देतो, त्याचे पैसे घेत नाही. काहींनी नंबर नको म्हटलं, तिथे फक्त गावाचं नाव. फोन संध्याकाळी सातनंतर करतो, तोवर माणसं शेतावरून आलेली असतात. रोपवाटिकेला मात्र सातला फोन करू नका, त्या वेळी त्यांचं पाणी द्यायचं चालू असतं, दुपारी करा.

या वर्षीची यादी अर्धी झाली आहे. हरिश्चंद्रगडाच्या पाचनईच्या वाटेचं अजून कळायचंय, तिथल्या काकांचा फोन लागत नाहीये. या मंगळवारी स्वतःच जाऊन येतो.